बुधवारचे दोन तास

अहवाल शनिवारी आला आणि रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी जमायचं, असं ताईने ठरवलं. शाळेत उपमुख्याध्यापिका झाल्यापासून ती घरच्यांनाही घंटा झाल्यासारखी बोलावते, असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा. पण यायचा वेळेवर.

अण्णा खिडकीकडे पाठ करून बसले होते. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा. डाव्या हाताखाली उजव्याचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, कागदाची बारीक गोळी वळावी तसा. कंपवात झाल्यापासून चार वर्षं तो तसाच फिरत होता. पहिल्या वर्षी घरात सगळे त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करायचे, आता कोणी प्रयत्नही करत नव्हतं. शेजारी त्यांचे भाऊ, काका. त्यांनी लग्न केलं नव्हतं. खाली काचेच्या दुकानात आणि वर या घरात मिळून त्यांची साठ वर्षं गेली होती. समोर ताई, तिच्या उजवीकडे धाकटा, डावीकडे धाकट्याची बायको. आई स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची घेऊन बसली होती. भांडण सुरू झालं की तिला तिथून उठून जाता यायचं.

भांडण कशावरून होणार हे सगळ्यांना माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी एका दुकानाच्या दर्शनी खिडकीची सहा फुटी काच दोघे भाऊ उचलून मागच्या खोलीत नेत होते. दारातच ती सुटली. काकांच्या डाव्या हाताला, कोपराखाली, अकरा टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हात माझा सुटला." त्या दिवसापासून ताईचं एकच म्हणणं होतं. अण्णांनी आता दुकानात उतरायचं नाही. आई तिच्या बाजूने. धाकटा आज इकडे, उद्या तिकडे, कारण दुकान तोच चालवत होता आणि अण्णांसारखी सरळ काच कापणारं दुसरं कोणी त्याच्याकडे नव्हतं. काका मात्र पहिल्यापासून अण्णांच्या बाजूने. टाके पडलेला माणूसच टाके पाडणाऱ्याची वकिली करतोय, याचं ताईला नवल वाटायचं. तिने ते मोठेपणात जमा केलं होतं.

अंगावर पट्टे बांधायची कल्पना डॉक्टरांची. "चार महिन्यांतून एकदा तुम्ही मला पंधरा मिनिटं दिसता," ते अण्णांना म्हणाले होते. "तेवढा वेळ तुम्ही ताठ बसता. घरचे सांगतात ते वेगळंच असतं. मधलं खरं मला कळत नाही."

म्हणून सात दिवस अण्णांच्या अंगावर पाच पट्टे होते. दोन मनगटांना, दोन घोट्यांना, एक कमरेला. प्रत्येकात काडेपेटीएवढी डबी, आणि तिच्यात हालचाल टिपणारा सेन्सर. हात किती थरथरतो, किती मंद हलतो, पाऊल केवढं पडतं, कुठे अडकतं, सगळं त्यात साठत जाणार. आंघोळीपुरते काढायचे. गोळी घेतली की मनगटावरचं बटण दाबायचं. हे सगळं सांभाळलं सुनेने. ती वाचनालयात नोंदणीच्या टेबलावर बसायची आणि घरातही तिची एक वही असायची. सात, अकरा, तीन, सात. गोळ्यांच्या वेळा, जेवण, झोप, दुकान, फिरणं. सात पानं भरली होती.

अहवालही तिच्याच हातात पहिल्यांदा आला होता. त्याआधी दवाखान्यातल्या तंत्रज्ञ बाईंचा फोन येऊन गेला होता. त्या फोनमधलं अर्धंच तिने नवऱ्याला सांगितलं होतं. उरलेलं अर्धं कोणाला आणि कधी सांगायचं, हे तिला सकाळपासून सुचत नव्हतं.

"सोमवारपासून वाचते," ताई म्हणाली. प्रत्येक दिवसाचं एक पान होतं, त्यावर एक वरखाली होणारी रेघ आणि खाली ठिपके. "ठिपके म्हणजे कंप. सगळ्यात जास्त कधी? अण्णा नुसते बसलेले असतात तेव्हा. टीव्हीसमोर. टेबलावर काम करताना जवळजवळ नाहीच."

"चार वर्षं मी दुसरं काय सांगतोय?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज हल्ली बारीक झाला होता, पण खोली शांत होती. "काच कापायचा हिरा हातात घेतला की हात थांबतो."

"ऐकलंस?" काका ताईला म्हणाले. "मशीनसुद्धा तेच म्हणतंय."

"मशीन आणखीही म्हणतंय, काका. ही रेघ मंदपणाची. रोज एक वाजल्यापासून खाली यायला लागते. तीनच्या गोळीपर्यंत खालीच. म्हणजे अकराची गोळी दोन तासांत उतरते. त्या वेळात पाऊल निम्मं पडतं. सात दिवसांत पाय अकरा वेळा जागच्या जागी अडकला. त्यातल्या नऊ वेळा याच वेळात, दुपारी, आणि हिच्या वहीप्रमाणे एकाच ठिकाणी. दुकानातून मागच्या खोलीत जायच्या दारात." तिने पान खाली ठेवलं. "काच त्याच दारात पडली. दोन वाजता. मी कोणाला दोष देत नाहीये."

"देतेच आहेस," काका म्हणाले.

"मग देते. तुमच्या जागी दुसरा असता, तर एव्हाना पोलिसात गेला असता."

धाकट्याने घसा साफ केला. "सकाळचं काम करू दे ना त्यांना. आठ ते बारा. बसून. उचलायचं नाही."

"आज बारा म्हणशील, उद्या साडेबारा. तुला मोठी ऑर्डर आली की तूच हाक मारशील."

हे खरं होतं, आणि धाकट्याला ते माहीत होतं. आपण दुसऱ्यांदा पक्ष बदलणार आहोत हे त्याचं त्यालाच जाणवत होतं. ताईशी वाद घालताना तो नेहमी असाच अर्ध्या वाटेवर दमायचा.

ताईने पान उलटलं आणि थांबली.

"हे काय आहे? बुधवार, चार दहा ते सहा पाच. 'ही नोंद रुग्णाच्या इतर नोंदींशी जुळत नाही. या काळात पट्टे अन्य व्यक्तीने वापरले असावेत. कृपया खुलासा करावा.'" तिने सुनेकडे पाहिलं. "तू काय लिहिलंयस?"

"बुधवारी मी साडेसहाला आले," सून म्हणाली. "वहीत 'दुकान' लिहिलंय. अण्णांनी सांगितलं तसं."

"अण्णा?"

अण्णांनी डाव्या हाताने उजवा हात थोडा दाबला.

"माझ्याकडे होते," काका म्हणाले.

कोणी काही विचारायच्या आत ते पुढे बोलू लागले. "यात एवढं काही नाहीये. अण्णा म्हणाला, पट्ट्यांनी अंग खाजतंय. काढून ठेवले तर मशीनला कळेल, दोन तास तू घाल. मी घातले. दोन घरी खिडक्यांची मापं घेऊन आलो, परत केले. यात काय पाप झालं?"

"पाप?" ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तिच्या शाळेतल्या मुलींना या आवाजाची भीती वाटायची. "अहवाल चांगला यावा म्हणून तुम्ही दुसऱ्याचे हात मोजायला दिलेत, अण्णा. डॉक्टर यावरून गोळ्या ठरवणार होते. मी सात दिवस सगळ्यांना सांगत फिरले, अण्णा किती शहाण्यासारखे घालतायत पट्टे."

आई खुर्चीवरून उठली, पण स्वयंपाकघरात गेली नाही. "अहो, खरं आहे का हे?"

"पट्टे मीच दिले. खरं आहे."

"खाज सुटली म्हणून?"

"नाही."

"मग ताई म्हणते ते खरं." आई परत बसली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना हट्टी पाहिलं होतं, तापट पाहिलं होतं. चोरटं पाहिलं नव्हतं. ती टेबलाकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून खाली जायचं नाही. आता मीच सांगते."

काकांनी अण्णांकडे पाहिलं. भाऊ काहीतरी बोलेल, निदान रागावेल, अशी त्यांची अपेक्षा होती. अण्णा सुनेकडे बघत होते.

"दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला असेल ना तुला?" ते म्हणाले. "त्या काय म्हणाल्या?"

तेव्हा सुनेच्या लक्षात आलं की हा माणूस आठवडाभर याच फोनची वाट बघतोय. रोज ती कामावरून परतली की 'कोणाचा फोन आला होता का?' असं ते विचारायचे. ती समजत होती, म्हातारपणीची चौकशी.

"त्या म्हणाल्या, दोन तासांत कंप अजिबात नाही," ती म्हणाली. "पाऊल लांब पडतं, म्हणजे माणूस अण्णांपेक्षा उंच. पण चालताना उजवा हात पुढेमागे होतो आणि डावा होत नाही. जवळजवळ नाहीच. डावं पाऊलही किंचित घासतं." ती काकांकडे बघायचं टाळत होती. "त्या म्हणाल्या, यंत्र निदान करत नाही. त्याला कारणं अनेक असू शकतात. पण ज्यांनी कोणी पट्टे घातले होते, त्यांनी एकदा डॉक्टरांना दाखवावं."

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग सगळ्यांना एकदम कळलं.

काका हसले. "अकरा टाके पडलेत या हाताला. हलेल कसा?"

"टाके कोपराखाली आहेत," अण्णा म्हणाले. "हात खांद्यातून हलतो."

"दुखतं अजून."

"टाक्यांच्या आधीपासून हलत नाही. वर्ष झालं. तू पुढे चालतोस आणि मी मागून येतो. मला दुसरं बघायला काय असतं? माझाही असाच गेला होता. कंप नंतर आला. आधी हात हलायचा थांबला आणि मला वाटलं, खांदा धरलाय."

"सगळ्यांना तुझाच आजार झालाय असं वाटतं तुला."

"मापवही आण," अण्णा धाकट्याला म्हणाले.

धाकटा उठला नाही. त्याला वही आणायची गरज नव्हती. मापं घ्यायला काका जात आणि वहीत लिहून आणत. वर्षापूर्वीचे आकडे बोराएवढे होते. आताचे ओळीच्या सुरुवातीला ज्वारीएवढे आणि शेवटी खसखशीएवढे. गेल्या महिन्यात अडुसष्टचा त्रेसष्ट वाचून त्याने तीन तावदानं वाया घालवली होती आणि काकांना चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं होतं.

"अक्षर बारीक झालंय काकांचं," तो म्हणाला. "मी वाचायला फोन करतो त्यांना."

"तूही?" काका म्हणाले.

"मी नुसतं अक्षराचं बोलतोय."

अण्णांना आता बोलायला कष्ट पडत होते. वाक्य सुरू करायच्या आधी ते ओठ मिटून थांबत. "तुला मी तीनदा म्हणालो, दाखवून ये. पहिल्यांदा म्हणालास, थंडीने आखडलाय. दुसऱ्यांदा म्हणालास, वय झालं. तिसऱ्यांदा उठून गेलास. वहिनीने सांगितलं तर तिची थट्टा करशील. हिने सांगितलं तर म्हणशील, शाळा तुझ्या घरी. म्हटलं, यंत्राशी तरी तुला हुज्जत घालता येणार नाही."

"म्हणजे मला फसवून घातलेस तू ते."

"फसवून घातले."

ताईच्या हातात अजून ते पान होतं. दहा मिनिटांपूर्वी ती बापाला खोटारडं ठरवून मोकळी झाली होती, आणि आता तो खोटारडा तर होताच, पण वेगळ्याच कामासाठी. हे कुठे मांडायचं तिला कळेना. तिने पान अहवालात परत घातलं आणि कडा जुळवल्या.

काकांचा डावा हात मांडीवर पडून होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, जणू सगळ्यांनी बघून घ्यावा.

"काच माझ्या हातून सुटली," ते म्हणाले. "हा हात. पकड आहे असं वाटत होतं आणि नव्हती. अण्णाने दोन्ही हातांनी धरली होती."

"मग अण्णा, तुम्ही का सांगितलंत?" ताईने विचारलं. "दोन महिने मी तुमच्याशी भांडतेय."

"मला आधीच झालंय," अण्णा म्हणाले. "एकाच माणसाला दोनदा काय होणार? आणि तेव्हा माझी खात्री नव्हती. नुसत्या संशयावर त्याला का घाबरवायचं?"

"आणि काका, तुम्ही ऐकून घेतलंत?"

"ऐकून घेतलं," काका म्हणाले. ते उठले. खुर्ची मागे सारायला त्यांनी उजवा हात वापरला. "म्हणून तर याची बाजू घेत होतो. दुसरं काय करणार होतो?"

ते जिन्याकडे निघाले. आई त्यांच्या मागे गेली. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दीर तेरा वर्षांचा होता आणि त्याचे डबे तिने भरले होते. जिन्याच्या वरच्या पायरीवर तिने त्यांना गाठलं.

"हल्ली शर्टाची बटणं लावायला वेळ लावतोस," ती म्हणाली. "मला वाटलं, आळशी झालास."

"झालोच असेन."

"थांब जरा. चहा घेऊन जा."

"नको, वहिनी. आत्ता नको."

ते खाली गेले. ती पायऱ्यांवरचा आवाज ऐकत उभी राहिली. एक पाऊल वाजत होतं, दुसरं थोडं सरपटत होतं. ती रोज हा आवाज ऐकत होती आणि त्यावरून काका आल्याचं ओळखत होती.

दुपारी ताई निघाली तेव्हा धाकटा तिला गाडीपर्यंत सोडायला आला. ती किल्ली शोधत होती.

"दोघं सख्खे भाऊ," तो म्हणाला. "मग आपलं काय?"

"डॉक्टरांना विचारीन."

"मला विचारायचं नाहीये. मी सहज म्हटलं."

"बहुतेकदा तसं नसतं. मी वाचलंय." तिला किल्ली सापडली. "मागे एकदा वाचलं होतं. अण्णांना झालं तेव्हाच."

"म्हणजे तुलाही वाटलं होतं."

"चार वर्षं झाली," ताई म्हणाली, आणि गाडीत बसली. तो घराकडे परत जाईपर्यंत ती आरशात त्याचे हात बघत होती. दोन्ही हलत होते.

पुढचे आठ दिवस काका अण्णांशी बोलले नाहीत. दुकानात यायचे, मापं घ्यायला जायचे, आकडे मुद्दाम मोठे लिहायचे. पहिले दोन आकडे मोठे येत, तिसरा आपोआप लहान होई. जेवण खाली मागवून घ्यायचे. अण्णांनीही समजूत घातली नाही. आईने दोन्ही बाजूंना निरोप न्यायचं नाकारलं.

दरम्यान बाकीचं मार्गी लागत गेलं. डॉक्टरांनी बुधवारचे दोन तास वगळून अहवाल वाचला, गोळ्यांमधलं अंतर कमी केलं आणि दुपारी एकला आणखी अर्धी गोळी वाढवली. मागच्या खोलीच्या दारात जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवायला सांगितल्या, अण्णांनी एकेक पट्टी ओलांडत जायची म्हणून. पाय अडकणं त्याने बंद झालं नाही, कमी झालं. धाकट्याने काच न्यायला चाकांची गाडी आणली आणि उचलायला दोन धडधाकट माणसं ठेवली. अण्णांनी आठ ते बारा कापायचं, बसून, आणि बारा वाजले की सुनेने नाही तर आईने खाली येऊन उभं राहायचं. ताईने ही अट स्वतः लिहून दिली. तिला दुकान बंद हवं होतं. तिने अर्ध्यावर मान्य केलं आणि पुढच्या रविवारी त्याबद्दल बोलली नाही.

सुनेने दवाखान्यात फोन करून काकांच्या नावाने मंगळवारची वेळ घेतली आणि तसं एका कागदावर लिहून तो मापवहीत ठेवला. काकांनी कागद वाचला की नाही, हे कोणाला कळलं नाही. त्याच मंगळवारी अण्णांचीही तपासणी होती.

मंगळवारी अण्णा सुनेबरोबर पोचले, तेव्हा बाकावर काका बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं लावलेली. सून औषधांच्या खिडकीशी गेली. अण्णा भावाशेजारी बसले.

"केव्हा आलास?" अण्णांनी विचारलं.

"तासभर झाला."

"वेळ अकराची आहे."

"बटणं पहाटेपासूनच लावायला घेतली."

अण्णा हसले. हल्ली त्यांचं हसू चेहऱ्यावर उमटायला वेळ लागायचा, पण काकांना ते ओळखू आलं.

"पहिलं वर्ष वाईट जातं," अण्णा म्हणाले. "काहीच झालेलं नसतं आणि माणूस दिवसभर स्वतःकडे बघत बसतो. तसं बघत बसू नकोस."

"मग काय करू?"

"माझ्याकडे बघ. मी पुढे आहे चार वर्षं."

समोर भिंतीवर पोस्टर होतं, ते दोघेही वाचल्यासारखं करत राहिले.

आतून दार उघडून परिचारिकेने नुसतं आडनाव पुकारलं. दोघेही उठायला लागले. दोघांनाही वेळ लागला, आणि ती दार धरून थांबली.